वचनातला जन्म आणि साष्टीचे फादर स्टीफन्स

रोजा खजुराने सोडतात, हे पोलादपूर-महाडच्या बाजारात आता सर्वांनाच ठाऊक आहे. रमजान लागला की किराणा दुकानांत खजुराची खोकी येतात आणि ती घरी नेणाऱ्यांत सगळ्याच धर्मांचे लोक असतात. पण खजुराच्या झाडाचा कुरआन शरीफमधला एक उल्लेख फारसा बोलला जात नाही. कुरआनच्या एकोणिसाव्या सूरहचे नाव ‘मरियम’ आहे. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर हजरत मरियम माणसांपासून दूर, एकट्या, खजुराच्या एका झाडाच्या बुंध्याशी येतात. वेदनेने आणि लोक काय म्हणतील या धास्तीने त्या व्याकूळ होतात. तेव्हा त्यांना धीर दिला जातो, पायाशी पाण्याचा झरा असल्याचे सांगितले जाते आणि झाडाचा बुंधा हलवताच पिकलेला ताजा खजूर खाली येतो. हा प्रसंग हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या जन्माचा. संपूर्ण कुरआनमध्ये नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच आहे, ती म्हणजे मरियम.

म्हणजे येशूचा जन्म ही आम्हा मुसलमानांना परकी गोष्ट नाही. आम्ही त्यांना अल्लाहचे प्रेषित मानतो, मसीह म्हणतो, त्यांच्या आईच्या पावित्र्यावर शंका घेणे पाप समजतो. देवाचा पुत्र मात्र मानत नाही. इथे दोन वाटा वेगळ्या होतात आणि त्या वेगळ्या आहेत हे सांगण्यात कोणाचाही अवमान नाही. पण मग ज्यांच्यासाठी हा जन्म श्रद्धेचा पाया आहे, त्या ख्रिस्ती बांधवांना त्यात नेमके काय दिसते? डिसेंबरात घरावर टांगलेला तारा आणि केकचे ताट पाहून बाकीच्यांना तो एका थोर पुरुषाचा वाढदिवस वाटतो. ख्रिस्ती माणसाच्या मनात त्याचा अर्थ याहून बराच खोल आहे. तो मराठीत, आणि तोही ओवीत, सर्वांत सविस्तर समजावून सांगणारा माणूस इंग्रज होता आणि त्याला जाऊन चारशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी. तो काळ राणी एलिझाबेथच्या राज्याचा. देशाने रोमच्या पोपशी नाते तोडले होते आणि जुन्या कॅथलिक पंथाने चालणाऱ्यांवर सरकारची नजर होती. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी त्यांचा स्नेह जुळला. हे दोघे गुपचूप फिरत आणि आपल्या पंथाच्या लोकांना धीर देत. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांचे नोकर असल्याचे सोंग घेत. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते, पण पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी एकामागून एक तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच निघाले. १५७५ साली रोममध्ये ते येशू संघात, म्हणजे जेझुइट पंथात दाखल झाले.

तिथून त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मिळवली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना लिहिलेले लांबलचक पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. त्यात वारे, तारे, मासे, समुद्रपक्षी, जहाजावरचे आजार असे सगळे आहे. हिंदुस्थानात येऊन राहिल्याची खात्रीलायक नोंद असलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेच नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मलीही नव्हती.

त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य गोव्याच्या साष्टीत गेले. (मुंबईजवळच्या साष्टी बेटाशी गल्लत नको, ही मडगावच्या भोवतालची साष्टी.) पोलादपूरहून कशेडी घाट उतरून महामार्गाने दक्षिणेला जात राहिले की शेवटी त्याच मुलुखात पोहोचतो. जुवारी नदीच्या काठी राशोलचा किल्ला होता. तो पूर्वी विजापूरच्या आदिलशाहीकडे होता, १५२० मध्ये विजयनगरने जिंकला आणि पोर्तुगीजांच्या हवाली केला. पुढे इथेच जेझुइटांचे विद्यालय आणि छापखाना आला.

आता या गोष्टीतला अवघड भाग, आणि तो झाकून पुढे जाणे बरोबर नाही. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, पोर्तुगीजांनी साष्टीतील शेकडो देवळे पाडली होती. हिंदू पूजाविधींवर बंदी होती, धर्मग्रंथ बाळगणे गुन्हा होता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. स्वतःच्या देशात ज्याला चोरून प्रार्थना करावी लागली, तो माणूस जिथे दुसऱ्यांना चोरून प्रार्थना करावी लागत होती अशा ठिकाणी, राज्यकर्त्यांच्या बाजूचा पाद्री म्हणून आला. स्टीफन्स यांच्याविषयी आदर बाळगूनही मला हा विरोधाभास टोचतो. त्यांनी तो कधी मनाशी मांडून पाहिला असेल का, कोण जाणे.

१५८३ च्या जुलैमध्ये या जुलमाचा स्फोट झाला. कुंकळ्ळी गावात चर्चची जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांचे प्रमुख रुडोल्फ अक्वाविवा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात त्यांनी मौलवींशी तीन वर्षे वादचर्चा केल्या होत्या. त्याच सिक्रीतल्या बुलंद दरवाजावर मरियमपुत्र ईसांच्या नावाचा लेख कोरलेला आजही वाचता येतो. मोगल दरबारात तीव्र मतभेदांतूनही जो सुखरूप परत आला, तो गोव्यात आपल्याच राज्यकर्त्यांनी पेरलेल्या रागाला बळी पडला. त्या पाच जणांचे देह कुंकळ्ळीहून आणण्यासाठी स्टीफन्स स्वतः गेले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणे येथील किल्ल्यात बोलावले आणि तिथे दगा देऊन मारले. कुंकळ्ळीत आज त्या गावकऱ्यांचे स्मारक आहे.

त्याच वर्षी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार असे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैदेत पडले. त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमधल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले: इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हीच गोष्ट जगापुढे मांडली तेव्हा मध्ये दोनशे वर्षे उलटून गेली होती.

भाषा हा या माणसाचा खरा ध्यास. साष्टीत घरोघर कोकणी बोलली जाई, तर कथा-कीर्तनाची, पोथ्यांची भाषा मराठी होती. स्टीफन्स दोन्ही शिकले. कोकणीचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे छापील असे ते पहिले व्याकरण मानतात. पण त्यांचे सर्वांत मोठे काम मराठीत आहे. १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यातून त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ निघाला, तोच आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून ओळखतो. त्यावेळी मुखपृष्ठावर पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव होते, त्याचा अर्थ असा की हे आपल्या तारणहार येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे, दोन भागांतले प्रवचन आहे. ग्रंथाचा विषय ‘आगमन’ आहे, हे नावातच सांगितलेले होते.

पुराण का लिहावे लागले, याचा खुलासा ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आम्हाला प्रार्थना शिकवल्या, धर्माची तत्त्वे शिकवली, पण आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग मन रमवायला, ऐकायला दुसरे एखादे पुराण का देत नाही? त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सगळी कथा उलगडते. ही धाटणी आपल्या गावालाही परकी नाही. पोलादपुरात ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांनी शिवभारत रचले, तेही काशीच्या पंडितांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरातून पुढे सरकते, आणि कवीने त्याला अनुपुराण म्हटले आहे. फरक इतकाच की काशीचे पंडित हौसेने विचारत होते. साष्टीच्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नामागे काढून घेतलेल्या पोथ्या होत्या. स्टीफन्स यांनी तो प्रश्न दडवला नाही, ग्रंथाच्या दारातच ठेवला.

सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू म्हणजे अध्याय, दुसऱ्यात एकोणसाठ. आणि त्यांच्या कामातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट मला इथे दिसते. येशूची गोष्ट सांगायची तर कोणीही बेथलेहेमच्या गोठ्यापासून सुरुवात करील. स्टीफन्स तसे करत नाहीत. ते श्रोत्याला आधी चार हजारांहून अधिक ओव्या थांबवतात. सारे पहिले पुराण हे न जन्मलेल्या मुलाची वाट पाहण्यात जाते.

ही वाट पाहणे म्हणजेच ख्रिस्ती श्रद्धेतला त्या जन्माचा अर्थ. त्यांच्या मते देवाने आदम आणि हव्वा (त्यांच्याकडे एवा) यांना निर्दोष घडवले, पण त्यांनी आज्ञा मोडली आणि माणूस देवापासून तुटला. ही तूट एका माणसापुरती राहिली नाही, सगळ्या मानवजातीला लागली, आणि ती माणसाला स्वतःच्या पुण्याने भरून काढता येईना. पण शिक्षा सुनावतानाच देवाने वचनही दिले की स्त्रीच्या वंशात जन्मणारा एक जण त्या सापाचे डोके ठेचील. पुढे इब्राहिमांना सांगितले गेले की तुझ्या वंशातून सर्व राष्ट्रांना आशीर्वाद मिळेल. दाऊद राजाला सांगितले गेले की तुझ्या घराण्याचे सिंहासन कायम राहील. यशया नावाच्या संदेष्ट्याने एका मुलाच्या जन्माची वार्ता दिली, मीखाने बेथलेहेम गावाचे नाव घेतले. मध्ये गुलामी आली, देशोधडी आली, मंदिर पडले, परके राजे आले. वचन देणारा विसरला की काय, असे वाटायला लावणाऱ्या शतकांमागून शतके गेली.

ज्या नावांनी ही साखळी गुंफली आहे ती नावे मुसलमान वाचकाला घरची वाटतील. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, दाऊद, सुलेमान, सगळे प्रेषित आम्हीही मानतो. पण आमच्याकडे आदम (अलैहिस्सलाम) यांनी तौबा केली आणि ती कबूल झाली, तिथे ती चूक मिटली. तिचा वारसा मुलाबाळांकडे येत नाही, प्रत्येक जण आपल्या कर्माचा धनी. म्हणून आम्हाला मार्ग दाखवणारा हवा असतो. ख्रिस्ती श्रद्धेला मार्गदर्शक पुरत नाही, तारणहार लागतो. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्यातून काढून काठाला लावणे. सावित्रीचा पूर ज्याने पाहिला आहे त्याला काठावरून रस्ता सांगणारा आणि पाण्यात उतरून हात देणारा यांतला फरक फोड करून सांगावा लागत नाही. देवाने काठावर उभे न राहता स्वतः पाण्यात उतरणे, हा ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने नाताळचा गाभा आहे.

मग दुसऱ्या पुराणात तो जन्म येतो. रोमच्या बादशहाने शिरगणती काढलेली, योसेफ आणि गरोदर मरिया आपल्या मूळ गावी आलेले, उताऱ्याच्या घरात जागा नाही, आणि बाळाला निजवायला गव्हाण. गव्हाण हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. गुरांना वैरण घालायची ती जागा. ज्याची हजारो वर्षे वाट पाहिली त्याचा पाळणा म्हणजे ही गव्हाण. वार्ता पहिल्यांदा मिळते ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या धनगरांना, राजाला नाही. सर्वशक्तिमान देव असहाय बालक होऊन येतो, यातच त्यांना देवाच्या प्रेमाचा पुरावा दिसतो. आमच्या कथेत खजुराचे झाड आणि एकटी आई, त्यांच्या कथेत गव्हाण आणि धनगर. अर्थ वेगळे, पण दोन्हीकडे तो जन्म दाराबाहेरचा, मानमरातबाशिवायचा आहे.

हिंदू श्रोत्यांपुढे स्टीफन्स यांची अडचण वेगळी होती. देव माणसाच्या रूपात जन्म घेतो, ही कल्पना साष्टीच्या लोकांना नवी नव्हती, उलट फारच ओळखीची होती. राम-कृष्णांच्या ओळीत आणखी एक नाव, असे होऊन बसण्याचा धोका होता. ख्रिस्ती मतात हा जन्म एकदाच होतो, युगायुगांत पुन्हा पुन्हा नाही. लांबलचक पहिल्या पुराणाचे मोल इथेही कळते. एकाच वचनाची, एकाच वंशाची, एका गावापर्यंत येणारी सलग वाट दाखवल्यावर तो जन्म दुसऱ्या कशात मिसळून जात नाही. शब्द मात्र त्यांनी इथलेच घेतले. स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचल्या असतील. परक्या मुलखातून आलेल्याने आपल्या भाषेवर इतका जीव टाकावा, याचे नवल आजही वाटते.

ओवी त्या काळी सर्वांचेच अंगण होते. स्टीफन्स साष्टीत होते तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबाही त्याच काळातले. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतकवीने ‘योगसंग्राम’ ओवीतच लिहिला. एक वारकरी, एक मुसलमान, एक कॅथलिक पाद्री. त्यांची कधी भेट झाली नाही, पण तिघांच्या ओव्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला त्या काळच्या मराठीचा पैस कळतो.

ख्रिस्तपुराण चर्चमध्ये मोठ्याने वाचले, गायले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. छापताना रोमन लिपी वापरली, कारण देवनागरीचे खिळे पाडणे त्या छापखान्याच्या आवाक्याबाहेरचे होते. स्टीफन्स यांना उतारवयात आपला ग्रंथ छापलेला पाहता आला, पण ज्या भाषेवर प्रेम केले तिच्या लिपीत नाही. १६१९ मध्ये, गोव्यातच, चाळीस वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यांचे निधन झाले. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत.

पुढचे दैव विचित्र आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी तारणहार सांगितला तीच भाषा त्यांच्याच धर्माच्या सरकारला नकोशी झाली. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रती बरोबर नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. त्या कैदेच्या वर्षांत या पुराणाने त्यांचा धर्म टिकवून धरला, अशी त्यांच्यात परंपरागत आठवण आहे. टिपूच्या शौर्याविषयी अभिमान बाळगणाऱ्या मुसलमानाने हेही वाचले पाहिजे. पाद्रीबाबांनी जे पुराण देवळे गमावलेल्यांसाठी रचले, ते पुढे चर्च गमावलेल्यांच्या कामी आले.

१९०७ मध्ये मंगळूरच्या जे. एल. सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून ते रोमन लिपीत पुन्हा छापले. त्यानंतर लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात देवनागरीतली जुनी प्रत अभ्यासकांच्या नजरेस आली. दरम्यान आपल्या कोकणातल्याच करजगावात जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसले होते. ते १९१९ मध्ये वारले आणि लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेले. स्टीफन्स यांच्या मृत्यूला तेव्हा बरोबर तीनशे वर्षे झाली होती.

ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ मध्ये. पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी ते संपादित केले. राशोलच्या पहिल्या छपाईपासून मोजले तर मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली होती. पुढे फादर कारिदाद द्राग्यु यांनी आणि फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीत अर्थ देऊन त्याच्या आवृत्त्या काढल्या. त्यामुळे जुनी मराठी न येणाऱ्यालाही आता ते पुराण पहिल्या ओवीपासून, म्हणजे जन्माच्या कितीतरी आधीपासून वाचता येते.